पोयाच्या माश्या: लाकडी पेटी सोडून दुसरं काय चालतं?

माडाखाली

मंडळी, काजू-आंब्याच्या मिश्र बागेत पोयाच्या माश्यांच्या (डंख न मारणाऱ्या, टेट्रागोनुला इरिडिपेनिस) २० वसाहती ठेवायचा बेत आहे. मुख्य काम परागीभवन, मध मिळाला तर वरकमाई. अडचण पेट्यांची. प्लायवूडवर माझा विश्वास नाही, फणसाची वाळलेली इंची फळी मिळत नाही, फळी मिळाली तर सुतार मिळत नाही, आणि सुतार मिळाला तर तो गणपतीनंतर बघू म्हणतो.

तर बांबू, मडकं, करवंटी, पीव्हीसी पाइप, सिमेंट यातलं तळकोकणातल्या पावसात काय टिकतं? जून ते सप्टेंबर सगळं ओलंच असतं असं धरून चाला. माप, जाडी आणि नेमकं काय बिघडतं ते लिहा. "केरळात करतात" एवढंच लिहून पळू नका.

अतिशहाणा_बैल

केरळात करतात.

(पळालो.)

कळकवाला

बैलोबा पळाले तरी खोटं बोलले नाहीत. केरळात 'चेरुतेन' (याच माश्यांचा मध) काढतात त्यातल्या बऱ्याच वसाहती बांबूत असतात. पण बांबू कुठला, यावर सगळं आहे.

माणगा बाद, तो जवळजवळ भरीव असतो. मेसही बाद. काटेरी कळकाचा बुडाकडचा भाग घ्या, तीन वर्षांवरचा. आतला व्यास ८ सेंमी, भिंत १० ते १५ मिमी, लांबी ४० सेंमी. गणित करा, दोन लिटरला जरा जास्तच आतली जागा मिळते आणि या माशीला तेवढी पुरते. दोन्ही टोकांना पेरं राहील असा तुकडा कापा. मध्ये एखादं पेर आलं तर चिरल्यावर आतला पडदा पटाशीने काढून टाका. एका टोकाच्या पेराला ८ मिमीचं भोक, हे दार.

तोड थंडीत करायची, तेव्हा कळकात पिठूळपणा कमी असतो. तरीही हिरवा तुकडा थेट वापरू नका. तीन आठवडे वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवा, मग सावलीत उभा करून महिनाभर वाळवा. हे टाळलं तर घुणा लागतो, बांबूखाली पिवळी भुकटी पडायला लागते आणि दुसऱ्या वर्षी भिंत चाळणी झालेली असते.

चिरण्याआधी एका कडेला आडवी पेन्सिलीची खूण करा, म्हणजे दोन्ही अर्धे पुन्हा त्याच दिशेने बसतात. जोडाची रेघ आडवी राहील असं टांगा. वरचा अर्धा झाकण, खालच्यात पिलावा (अंडी-अळ्यांच्या कोठड्या). उघडताना वरचा उचलला की झालं.

रंधा_पटाशी

कळकवाला, सगळं मान्य, पण चिरायचं कशाने ते लिहिलंच नाही. करवतीने चिरा. कोयत्याने चिरलं की पेराजवळ चीर वळते आणि तिथे फट राहते.

कळकवाला

उलट आहे. कोयत्याची चीर बांबूच्या धाग्याने जाते. वळली तरी दोन्ही अर्ध्यांत सारखीच वळते, म्हणून दोन्ही पुन्हा तंतोतंत बसतात. करवत दोन मिमी खाऊन टाकते, मग नळी लंबगोल होते आणि कडा जुळत नाहीत. फक्त पेरांवर आधी करवतीने चार-पाच मिमी खाच पाडून घ्या, म्हणजे कोयता तिथे उडत नाही.

काजूबी

भिजवत बसण्यापेक्षा बोरॅक्स-बोरिक ॲसिडचा इलाज का करत नाही? फर्निचरच्या बांबूला तोच करतात. आठवड्यात काम होतं.

रानवाट

@काजूबी, नको. बोरिक हे किड्यांचं पोटविष आहे. झुरळांच्या गोळीत आणि मुंग्यांच्या आमिषात तेच असतं. माश्या आतली भिंत कुरतडतात, त्यावर राळ चढवतात, ओल आली की मीठ वर येतं. फर्निचर कुणी चाटत नाही.

रंधा_पटाशी

करवतीचा मुद्दा सोडला. पण लाकडाची बाजू मांडतोच.

पेटी आतून २५ × १० × ८ सेंमी, म्हणजे दोन लिटर. फळी रंधून २० मिमीच्या खाली जाता कामा नये. फणस उत्तम, वाळवी कमी लागते. आंबा स्वस्त, पण हमखास मुरगळतो, झाकणाला तर नकोच. रबराच्या लाकडाला भोकं पडतात. प्लायवूडवर विश्वास नाही ते बरोबर, पण सरसकट नाही. साधं प्लाय एका पावसात पापुद्रे सोडतं. आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय १८ मिमीचं घेतलं आणि कापलेल्या कडा मेणाने बंद केल्या तर टिकतं. पाणी शिरतं ते कडेतून, पृष्ठभागातून नाही.

खिळे नकोत, स्क्रू. पावसात लाकूड फुगतं, उन्हात आकसतं, खिळा दरवर्षी थोडा वर येतो. झाकणाखाली २ मिमीचं पारदर्शक ॲक्रेलिक टाकलं तर माश्यांना न छेडता आत बघता येतं. पेटी उघडणं जितकं कमी, तितकं नुकसान कमी.

झुवारीकाठ

रंगाचं काय? इथे होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात, लाकूड वर्षानुवर्षं राहतं. पेटीला चालेल?

रंधा_पटाशी

फक्त बाहेरून, आणि लावल्यावर हाताला चिकटेनासं होईपर्यंत पेटी माश्यांपासून लांब. हातमोजे घाला, कातडी सोलवटते. त्यापेक्षा जवसाचं तेल बरं, पातळ हात दोनदा, मधे पूर्ण सुकू देऊन. ओलं व्हार्निश, ऑइलपेंट, डांबर यांच्या आसपास वसाहत ठेवूच नका. या माश्या राळ समजून ओला रंगही गोळा करतात आणि पायावर लादून घरात नेतात.

माडाखाली

म्हणजे घराच्या खिडक्या रंगवायच्या आधी त्यांची परवानगी काढायची!

मडकं आणि पाइप यावर कुणी बोलेल का?

ओटीवरची

मडक्याबद्दल लिहिते. तीन लिटरचं, रुंद तोंडाचं घ्यायचं. भाजणी नीट झाली आहे का ते टिचकीने कळतं. खणखणीत वाजलं पाहिजे, भद्द आवाज आला तर परत ठेवा. कच्च्या भाजणीचं मडकं पावसात ओल पितं, आतून घाम धरतं, परागाच्या कुप्यांना (माश्या पराग आणि मध साठवतात त्या मेण-राळेच्या गोळ्यांना) बुरशी येते.

दार बुडापासून तीन-चार सेंमी वर. बुडातच भोक पाडलं तर माश्या कचरा तिथेच साठवतात आणि वाट बंद होते. भोक भाजणीआधी कुंभाराकडूनच पाडून घ्या, नंतर ड्रिल लावलं की तडा जातो. तोंडावर लाकडी चकती, कडेने मेण आणि राळ. सिमेंटने तोंड लिंपू नका, उघडताना काठ फुटतो.

आता तोटे. मडक्याचं विभाजन करता येत नाही म्हटलं तरी चालेल, हात घालून पिलावा उचलावा लागतो. मध काढतानाही तेच. आणि छपराबाहेर मडकं नकोच. ओटी, मांगर, गोठ्याची पडवी इथेच. २० मडकी बागेत टांगायची असतील तर आधी २० छपरं बांधा.

भटका_मास्तर

विभाजनाचा तोटा मेक्सिकोत दोन मडकी तोंडाला तोंड लावून सोडवला आहे. पुएब्ला प्रांतात, क्वेत्सालानच्या डोंगराळ भागातले नाहुआ लोक स्काप्टोट्रिगोना मेक्सिकाना ही माशी अशी ठेवतात. विभाजन करायचं की जोड सोडायचा आणि प्रत्येक भरल्या मडक्याला एक रिकामं जोडायचं. युकातानमधले माया लोक मेलिपोना बीची पोकळ ओंडक्यात ठेवतात, ओंडक्याची दोन्ही टोकं चकतीने बंद करून. चकती काढली की मध हाताशी. लाकडाची पेटी हा या सगळ्यात नवखा प्रकार आहे.

अतिशहाणा_बैल

म्हणजे सुताराने गणपतीनंतर बघू म्हटलं तर मेक्सिकोला जायचं.

भौतिकवाली

उष्णतेचं सांगते, कारण "मडकं थंड, पाइप गरम" हे अर्धंच खरं आहे.

उष्णतेला अडवण्याची ताकद म्हणजे जाडी भागिले वाहकता. २२ मिमी लाकूड: साधारण ०.१७. १२ मिमी बांबू: ०.०८. ३ मिमी पीव्हीसी: ०.०२ च्या आत. १० मिमी मडकं: तेही ०.०२ च्या आतच. ४० मिमी सिमेंट: ०.०३. २५ मिमी थर्माकोल: ०.७.

म्हणजे मडकं आणि पाइप अडवण्यात सारखेच वाईट. फरक दोन गोष्टींनी पडतो. मडकं जड असल्यामुळे तापायला वेळ घेतं, आणि भिंतीतून ओल बाहेर पडते. पाइपात दोन्ही नाही. दुपारी तापतो, पहाटे गार पडतो, आणि आतली वाफ गार भिंतीवर थेंब होऊन पिलाव्यावर पडते. मधाच्या कुप्यांतून पाणी सतत उडत असतं हे विसरू नका. पाइपातला मृत्यू उष्णतेपेक्षा या घामाने जास्त होतो.

पाइपच वापरायचा असेल तर ११० मिमीचा, २४ सेंमी लांब (दोन लिटर). आतून खरखरीत पॉलिशपेपर मारा, नाहीतर राळ धरत नाही आणि कुप्यांचा लगदा घसरून खाली येतो. बाहेरून गोणपाटाचे दोन वेढे, वर चिखल-शेणाचा लेप. एका टोकाच्या झाकणाला वरच्या बाजूने दोन मिमीची चार-पाच भोकं. जास्त झाली तर माश्या स्वतःच राळेने बुजवतील. एवढं सगळं केल्यावर बांबूपेक्षा स्वस्त पडतं का ते तुम्हीच बघा. जुने, काढलेले पाइप तर नकोच, त्यांत शिशाचे स्टॅबिलायझर असायचे आणि हा मध आंबट असतो.

ठाण्याची_गॅलरी

मग थर्माकोल ०.७ तर थर्माकोलचीच पेटी का नको? मासळीचे खोके फुकट मिळतात.

भौतिकवाली

मुंग्या थर्माकोल पोखरून त्यातच बिऱ्हाड करतात. लाकडी पेटीच्या टपावर बाहेरून एक तुकडा ठेवा, वर पत्रा. तेवढ्याने दुपारचा मारा तुटतो. (आणि मासळीचा वास काढणार कसा?)

गवंडीकाम

सिमेंटचं माझ्याकडून. नुसतं सिमेंट-वाळू जड होतं आणि तापतं. एक भाग सिमेंट, एक वाळू, दीड कोकोपीट असं हलकं मिश्रण करतात. पण कोकोपीट आधी दोन-तीनदा पाण्यात धुऊन पिळून घ्या, तांबडं पाणी जाईपर्यंत. त्यातला अर्क सिमेंटला घट्ट होऊ देत नाही, मग बोटाने भुगा निघतो. भिंत चार सेंमी. साचा काढल्यावर २८ दिवस ओलं ठेवा, मग आठवडाभर पाण्यात बुडवून पाणी बदलत राहा, म्हणजे चुना निघून जाईल. आतून मेणाचा हात.

एक पेटी आठ-दहा किलोच्या घरात जाते. झाडाला टांगायचा विचार सोडा. चोरी होत असेल तिथे मात्र हेच बरं.

ब्रिस्बेनकर

इथल्या पद्धतीबद्दल, कारण नेटवर इथलेच नकाशे फिरतात. ऑस्ट्रेलियातली प्रचलित पेटी आडवी दोन भागांत सुटते. पिलाव्याच्या मधोमध पातळ पातं फिरवायचं, एका पेटीच्या दोन होतात. पण ती टेट्रागोनुला कार्बोनारियासाठी आहे. तिचा पिलावा चक्राकार जिन्यासारखा थरावर थर असतो, म्हणून कापला तरी कमी कोठड्या फुटतात. शिवाय वसाहत मोठी, पेटी सात-आठ लिटरच्या आसपास.

हा नकाशा कोकणात जसाच्या तसा करू नका. इरिडिपेनिसचा पिलावा द्राक्षाच्या घडासारखा विस्कटलेला असतो, पातं फिरवलं की लगदा होतो. आणि आठ लिटरच्या पोकळीत दोन लिटरची वसाहत ठेवली तर उरलेल्या जागेची राखण होत नाही. तिथे आधी कोळी येतात, मग फोरिड माशी.

काजूबी

ब्रिस्बेनकर, द्राक्षांचा घड एकदम पटला. फोरिडबद्दल जरा विस्ताराने कुणी?

रानवाट

फोरिड म्हणजे केळ्यावरच्या चिलटाएवढी, तुरुतुरु पळणारी माशी. ती फुटलेल्या परागाच्या कुपीवर अंडी घालते, अळ्या दोन-तीन दिवसांत बाहेर येतात आणि वसाहत आतून सडते. म्हणून कुठल्याही साहित्याच्या घरात वसाहत हलवताना:

पिलावा आणि राणी आधी. फुटलेली एकही मधाची किंवा परागाची कुपी आत जाऊ द्यायची नाही. अख्ख्या असतील त्या थोड्या ठेवा. पिलाव्याचा घड होता तसाच, वरची बाजू वरच. इथे अळीला नंतर कुणी भरवत नाही. कोठडीत पातळ अन्न आधीच भरलेलं असतं, त्यावर अंडं, वर झाकण. घड उलटा झाला की अंडं त्या अन्नात बुडून मरतं. मग सगळे जोड कागदी चिकटपट्टीने बंद. जुन्या घराच्या दाराची राळेची नळी अलगद काढून नव्या भोकावर चिकटवा आणि नवं घर जुन्याच जागी ठेवा, म्हणजे बाहेर गेलेल्या माश्या वळतात. संध्याकाळच्या आत उरका. पहिला आठवडा उघडायचं नाही.

आता मूळ प्रश्नाबद्दल, जे अजून कुणी म्हटलं नाही. सातेरीला (पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) पेटी मानवली नाही तर ती सरळ उडून जाते, तुम्हाला निकाल लगेच कळतो. पोयाची अंडी घालणारी राणी पोट फुगल्यावर उडूच शकत नाही. वाईट घरातही ती राहते आणि वसाहत सात-आठ महिने खंगत जाते. त्यामुळे "आमच्या पाइपात माश्या राहिल्या की" हा पुरावा नाही. एक पूर्ण पावसाळा गेल्यावर ऑक्टोबरात नवा, फिकट रंगाचा पिलावा वाढतोय का, आणि मधाच्या कुप्या भरतायत का ते बघा. त्यावर साहित्याचा निकाल लावा.

ओटीवरची

+१. व्हिडिओवाले सगळे एप्रिलमध्ये दाखवतात, ऑगस्टात कुणीच दाखवत नाही.

भटका_मास्तर

रानवाट यांचा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

करवंटी राहिली. पूर्ण करवंटीत जेमतेम अर्धा लिटर मावतं, घर म्हणून लहान पडते. फिलिपिन्समध्ये टेट्रागोनुला बिरोई करवंटीत वाढवतात, पण इथे तिचा उपयोग मधाचा खण म्हणून जास्त. बांबूच्या वरच्या अर्ध्याला, दारापासून लांबच्या टोकाकडे, १० मिमीचं भोक पाडा. त्यावर अर्धी करवंटी पालथी, कडेला मेण. जानेवारीत लावली तर काजू-आंब्याच्या मोहरात भरते. भरली की करवंटी फिरवून सोडवा, दुसरी लावा. पिलाव्याला हातही लागत नाही. काथ्या पूर्ण खरवडून घ्या, नाहीतर वाळवी चढते.

ठाण्याची_गॅलरी

मध किती निघेल हो?

कळकवाला

वर्षाला पाव ते पाऊण किलो, तोही चांगला फुलोरा असेल तर. मधात पाणी जास्त असतं, साध्या मधाला जी २० टक्क्यांची मर्यादा आहे त्याच्या वर सहज जातं. म्हणून काढल्यावर फ्रिजमध्ये, आणि बाटली गळ्यापर्यंत भरू नका. आंबायला लागला की झाकण उडतं. मे उजाडायच्या आत काढून घ्या, आणि सगळा नको, निम्मा पावसाळ्यासाठी सोडा.

माडाखाली

भरपूर मिळालं. ठरतंय ते असं: १६ बांबू बागेत, ४ फणसाच्या पेट्या मांगराच्या पडवीत मूळ वसाहती म्हणून. पाइप आणि सिमेंट रद्द. मडकं एक, आईच्या हट्टाखातर, ओटीवर.

तीन शंका उरल्या. बांबूचं विभाजन नेमकं कसं? काजूवर ढेकण्या या किडीसाठी फवारणी होते तेव्हा काय करायचं? आणि बांधायला काय, काथ्या की तार?

कळकवाला

विभाजन नोव्हेंबर ते जानेवारी. भरलेला बांबू उघडला की पिलावा दोन्ही अर्ध्यांत थोडाथोडा चिकटून येतो, नाही आला तर लाकडी चमच्याने निम्मा दुसऱ्या अर्ध्यात सरकवा. मग प्रत्येक भरल्या अर्ध्याला एक रिकामा अर्धा. म्हणून सगळे तुकडे एकाच व्यासाचे कापा, नाहीतर अर्धे अर्ध्यांना बसणार नाहीत. ज्या भागात राणी नाही त्यात घडाच्या कडेला इतरांपेक्षा मोठी, ठसठशीत राणीकोठी आहे ना ते आधी बघा. नसेल तर विभाजन करू नका, त्या भागाला दुसरी राणी मिळेल याची खात्री नाही. राणी असलेला भाग नव्या जागी, राणीकोठीवाला जुन्या जागी.

काजूबी

फवारणीसाठी आदल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर दाराला बारीक जाळी, गोणपाट ओलं करून वर टाका, बांबू उचलून सावलीत. बांबू हलका, हा त्याचा खरा फायदा. दुसऱ्या दिवशी औषध सुकल्यावर संध्याकाळी त्याच जागी टांगा आणि जाळी काढा. तीन फवारण्या असतील तर तीनदा. मोहर पूर्ण उमलला असताना फवारणी टाळता आली तर सगळ्यात उत्तम, नाहीतर दुसऱ्या दिवशी माश्या त्याच फुलांवर जातात.

रंधा_पटाशी

काथ्या एका पावसात कुजतो. जस्ताची तार घ्या, तीन ठिकाणी बांधा: दोन टोकांना, एक मध्ये. पिळा खालच्या बाजूला, पाणी त्यावर साचत नाही. बांबूच्या दाराकडचं टोक बोटभर खाली ठेवून टांगा, म्हणजे आत पाणी आलंच तर दारातून निघून जाईल. टांगायच्या तारेला मध्ये वीतभर ग्रीस, मुंग्यांसाठी. ग्रीस पावसात धुऊन जातं, दर पंधरा दिवसांनी परत.

माडाखाली

ग्रीसवर माश्या चिकटणार नाहीत? ओला रंग गोळा करतात म्हणालात.

रंधा_पटाशी

चांगला प्रश्न. तारेच्या दारापासून लांबच्या भागाला लावा आणि वर उपडी प्लास्टिकची वाटी भोक पाडून ओवा. ग्रीस वाटीच्या आतल्या भागात. पाऊसही लागत नाही, माश्यांनाही दिसत नाही.

अतिशहाणा_बैल

वाटी मडक्याची चालेल का?

ओटीवरची

टिचकी मारून घ्या.